दोन हिरवे ठिपके

“दोन-दोन लाइनी तुझ्या घरी, आणि पोर माझ्या घरी. इकडचा नेटचा डबा बंद पडला तर गं?” कॅमेरा बसवला त्या दिवशीच आईने विचारलं होतं.

ॲनिशा हसली होती. “तू आहेस ना तिथे, आई. मला फक्त अधूनमधून ॲल्रॉयचं तोंड बघायचंय.”

आज शुक्रवार. बोळिंजच्या फ्लॅटमध्ये ती मीटिंगला बसली होती. कॉम्प्युटरला एक इंटरनेट वायरने, दुसरं वाय-फायने. एक गेलं की दुसरं आपोआप काम उचलणार. कोपऱ्यात दोन हिरवे ठिपके, आणि शेजारच्या छोट्या चौकटीत आईच्या नंदाखालच्या घरातली बाहेरची खोली, थेट मागच्या दारापर्यंत.

मागच्या दाराचा पडदा वाऱ्याने फुगला होता. थोड्या वेळाने तिने पुन्हा पाहिलं. तो फुगलेलाच होता.

“ॲनिशा, काय क्लिअर येतोय तुझा आवाज!” कौस्तुभ सर म्हणाले. “शिका जरा. बाईंनी एकाला एक स्पेअर ठेवलाय, नवऱ्याचं माहीत नाही.”

सगळे हसले. तीही हसली, आणि हसता हसता चौकट मोठी केली.

खुर्चीत आई. हनुवटी छातीवर टेकलेली, बोटांत रोझरीची माळ. खाली गोधडी. गोधडीवर ॲल्रॉय नव्हता. टेबलाखालचं लाल स्टूल टेबलाखाली नव्हतं. ते मागच्या दाराशी होतं, बरोबर कडीच्या खाली. कडी पडद्याआड.

वीज गेली असेल, तिने स्वतःला सांगितलं. शुक्रवारी गावात जातेच. चित्र अडकलं, बस.

पण मागचं दार बंद असेल, तर पडदा फुगायला वारा कुठून आला?

तिने वायर उपटली. एक ठिपका विझला, मीटिंगला पत्ताही लागला नाही. परत खोचली. ठिपका हिरवा. पडदा तसाच.

मागच्या दाराला एक पायरी. पायरीपुढे केळीची वाडी, वाडीच्या टोकाला बावखल, गावचं जुनं तळं. पाणी काठाला लागलेलं, शेवाळाने हिरवं, लांबून बघितलं तर हिरवळच वाटावी. कालच ॲल्रॉय तिथल्या बदकांसाठी रडून रडून झोपला होता.

तिने आईला फोन लावला. रिंग जात राहिली. रोझरीला बसताना आई फोनचा आवाज बंद करून अल्तारावर ठेवते, मेणबत्तीच्या बाजूला. देवाशी बोलताना मधेच दुसऱ्या कुणाशी कशाला, असं तिचं म्हणणं.

मग शेजारचे आग्नेल अंकल.

“अंकल, जरा आमच्याकडे बघता? मागे, बावखलाकडे...”

“अगं, मी वसईला आलोय, लग्नाची खरेदी. तुझी ॲंजेला आंटी पण संगतीच आहे. काय झालं?”

“ॲल्रॉय दिसत नाय.”

पलीकडे बाजाराचा गलका.

“तू नीघ,” ते म्हणाले. “मी करतो कुणाला तरी फोन.”

ती उठली. हेडफोन कानातून ओढून काढला, खुर्ची मागे पडली. टेबलावरून कौस्तुभ सरांचा बारीक आवाज येत होता, “ॲनिशा? ॲनिशा, लाइनवर आहेस ना?” दार तिने ओढून घेतलं की नाही, तिला आठवलं नाही.

रिक्षावाल्याला तिने फक्त गावाचं नाव सांगितलं. पुढे रस्ता खणलेला, समोर टँकर आडवा. रिक्षावाला म्हणाला, “मॅडम, उडून जाऊ काय?” मग आरशात तिचा चेहरा बघितला आणि हॉर्नवर हात दाबून धरला.

आई फोन उचलत नव्हती. अंकलचा आता एंगेज लागत होता. ॲनिशाने गावाच्या ग्रुपवर टाइप करायला घेतलं. बोटं चुकत होती, ती पुसून पुन्हा लिहीत होती.

“हे वाचणाऱ्यांपैकी कुणीही नंदाखालला असाल, तर क्लेमेंटीनबाईंच्या, माझ्या आईच्या घरी जा. चर्चच्या मागची गल्ली, पिवळं घर, बाहेर तुळशीएवढा क्रूस. माझा मुलगा दोन वर्षांचा आहे. निळा शर्ट. आत्ताच जा, प्लीज. पुढचं दार वाजवत बसू नका.

आधी मागे जा.”