गारव्याची वाट

"एक द्या. नारळाच्या दुधाचं," एयांग, म्हणजे आजी, आइस्क्रीमच्या गाडीवाल्याला म्हणाल्या.

"इबू, इथं नको ना," एन्दा सासूच्या कानाशी पुटपुटली. "किनांतीसमोर नको."

"तिच्यासमोर नको, घरात नको, अंगणात नको. मग काय त्या आकाशपाळण्यात लटकून खाऊ?" एयांगनी हात पुढं केलाच. "सकाळपासून या बागेत तंगडतोड चाललीय. घशाला नुसती कोरड पडलीय, पोरी."

गाडीवाल्यानं छोटी झांज टुंग टुंग वाजवली आणि कोन भरून दिला. डोंगरातल्या बातू शहरात सकाळी गारठा असतो, पण आता ऊन डोक्यावर आलं होतं. वरच्या रुळांवरून पाळणागाडी गेली की पोरांच्या किंचाळ्या अंगावरून वाहत जायच्या.

बाकावर एन्दाचा नवरा तेगुह पिशवीतून पेजेची बाटली आणि सिरिंज काढत होता. शेजारी त्यांची पाच वर्षांची किनांती पाय हलवत बसली होती. तिच्या फ्रॉकखाली, पोटाला एक बारीक नळी होती. जन्मतःच गळ्यात दोष होता, म्हणून तेव्हापासून तिचं जेवण त्या नळीतूनच आत जायचं. गळा केव्हाच बरा झालाय, असं डॉक्टर म्हणत. पण ओठांना चमचा लागला की पोर निळी पडेपर्यंत उमासे काढायची. म्हणून घरात सगळे तिच्या मागं, स्वयंपाकघराचं दार लोटून जेवत.

एयांग बाकाच्या दुसऱ्या टोकाला, नातीकडे पाठ करून बसल्या. तेवढाच सुनेचा मान. पण उन्हाला कुणाचा मान ठाऊक! आइस्क्रीम वितळलं आणि त्यांच्या मनगटावरून कोपराकडे पांढरा ओघळ निघाला.

"एयांग, तुझा हात गळतोय," किनांती सरकत सरकत जवळ आली.

"गळू दे. म्हातारपणी सगळंच गळतं."

किनांतीनं त्या ओघळाला बोट लावलं आणि चटका बसावा तसं मागं घेतलं. बोटाकडे बघितलं. पुन्हा लावलं. मग ते तोंडात घातलं.

तेगुहच्या हातातली सिरिंज तशीच राहिली. एन्दा टॉवेल घेऊन झेपावली, त्यानं तिचं मनगट धरलं.

"थांब."

"ठसका लागेल तिला, सोडा!"

"थांब ना, एन्दा."

किनांतीनं डोळे गच्च मिटले होते. खांदे कानांपर्यंत वर गेले होते. यापुढं काय होतं, ते तिघांना पाठ होतं. तिघंही त्याची वाट बघत राहिले. ते झालं नाही. कोवळ्या गळ्यावरची कातडी हलली, जराशी वर गेली आणि खाली आली.

"गिळलं," एन्दा म्हणाली. आवाज मशिदीत बोलावा तसा निघाला. "अहो, तिनं गिळलं."

गाडीवाल्याला काय चाललंय ते कळलं नव्हतं. तरी त्यानं झांजेवर तळहात दाबून धरला आणि रांगेतल्या पोरांना डोळ्यांनीच गप्प केलं.

किनांतीनं आजीचा हात दोन्ही हातांनी धरून कोन आपल्याकडं ओढला. "बिस्मिल्ला," ती म्हणाली. रोज सिरिंज लावण्याआधी आई म्हणायची, अगदी त्याच सुरात. आणि तिनं आइस्क्रीम चाटलं. नाकाचा शेंडा पांढरा झाला. गळा पुन्हा हलला. कोन हलू नये म्हणून एयांगनी दुसऱ्या हातानं आपलं मनगट घट्ट धरून ठेवलं.

एन्दा तिच्यापुढं तापलेल्या फरशीवरच गुडघे टेकून बसली. "गोड आहे का गं? आवडलं?"

किनांतीचं लक्ष आईकडं नव्हतं. लांबून काहीतरी ऐकू यावं तशी ती मान कलती करून बसली होती. मग तिनं हनुवटीखाली बोट ठेवलं.

"इथं होतं."

बोट गळ्यावर आलं. "आता इथं."

फ्रॉकच्या गुंड्यांवरून बोट हळूहळू खाली निघालं. अंगावर मुंगी चालताना तिच्या मागं मागं बोट न्यावं, तसं. एन्दाची नजर त्या बोटाबरोबर उतरत गेली. तेगुहची, एयांगची. गाडीवालाही गाडीवरून ओणवा झाला. छातीच्या मधोमध बोट थबकलं. ते पुन्हा हललं, आणखी खाली गेलं आणि नळीच्या जरा वर येऊन थांबलं.

"इथं आलं," किनांती म्हणाली. "आई, आतून आलं! गार गार. माझ्या आत रस्ता आहे."

"हो गं, बाळा." एन्दा म्हणाली.

"तुझ्यात पण आहे?"

"आहे."

"बाबांच्यात?"

तेगुहनं होकाराची मान डोलावली.

"आणि त्यांच्यात?" तिनं रांगेतल्या पोरांकडं, त्यांच्या आयांकडं, पलीकडं भाताच्या पुड्या सोडून बसलेल्या माणसांकडं बोट केलं. "सगळ्यांच्यात असं जातं? रोज?"

एन्दानं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं आईकडं. एयांगनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी कोनाचा एक लहानसा घास घेतला. डोळे मिटले. तो गळ्यातून छातीत आणि छातीतून पार खाली उतरेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "रोज."