साहेबांच्या डोक्यावरची वीतभर जागा

"साहेब मीटिंगमध्ये आहेत," म्हणत शिपायानं दार लावून घेतलं. आतून घोरण्याचा आवाज येत होता. आईच्या रेशनकार्डाचा दोन वर्षं रखडलेला अर्ज खिशात कोंबून रज्जाक मिस्त्री गच्चीवरच्या कामावर परतला.

तहसील कचेरीची ती गळकी गच्ची त्यानं उकळत्या डांबरी मॅस्टिकनं लिंपून काढली. फक्त साहेबांच्या टेबलाच्या बरोबर वरची वीतभर जागा तेवढी सोडली आणि तिथं नुसता काळा रंग फासला.

काम झालं, की चाचणीसाठी गच्चीवर दोन दिवस पाणी साठवायची पद्धत. दुसऱ्याच दिवशी साहेबांच्या टकलावर टपकन थेंब पडला आणि टेबल बाहेर व्हरांड्यात, चारचौघांत आलं. आता मीटिंग कुठली नि झोप कुठली! बघता बघता रखडलेल्या अर्जवाल्यांची रांग लागली.

रज्जाकच्या अर्जावर सही करताना साहेब वैतागून म्हणाले, "मिस्त्री, ती गळती कधी थांबणार?"

रज्जाकनं ओल्या शाईवर फुंकर मारली आणि मागची लांबलचक रांग एकवार न्याहाळली.

"भोक सापडत नाहीये, साहेब. ही रांग संपली, की सापडेल बघा."