पिवळा दोरा

पिवळा दोरा दिसला आणि व्हर्ना चिखलात जागीच थांबली.

अख्ख्या तलावावर पिवळ्या दोऱ्याने मासे धरणारी बाई एकच. तिची धाकटी बहीण, नेल. लोक हसायचे, "अगं, माशाला दिसतो तो!" नेल म्हणायची, "मला दिसला म्हणजे झालं. माशाचं मासा बघेल." अशी ती नेल. तिच्याशी व्हर्ना नऊ वर्षांत एक शब्द बोललेली नव्हती.

त्या सकाळी निम्मं गाव तलावाच्या तळावर उतरलं होतं. अलाबामात हिवाळ्याच्या तोंडावर धरणवाले दरवर्षी पाणी उतरवतात, पण ते पुरुषभर. यंदा दरवाजांची दुरुस्ती निघाली, तशी बातमीही पेपरात आली, आणि रातोरात तलावाचा तळ दिसला. बुडालेल्या झाडांचे बुंधे उघडे पडले. मग काय, जो तो बादली घेऊन पळाला! बास माशाला भुलवायला टाकलेले खोटे मासे, कुणाचे लाकडी, कुणाचे प्लास्टिकचे, वर्षानुवर्षं या बुंध्यांत अडकून राहिलेले. ज्याला सापडेल त्याचे.

"व्हर्ना, माझा हिरवा सापडला तर परत दे हं!" लांबून म्हातारा होयट ओरडला. "फार जीव होता माझा त्याच्यावर!"

"बायकोला सांगू का तुझ्या?" व्हर्नाने उलट ओरडून विचारलं. पण नजर दोऱ्यावरच होती.

दोरा एका मोठ्या बुंध्याच्या मुळात शिरला होता. ती गुडघ्यांवर बसली आणि हाताने गाळ उपसू लागली. बोटांना लाकूड लागलं. बोटभर मासा. रंग उडालेला, एक डोळा शाबूत. पोटावर चाकूने कोरलेलं व्हर्नाच्याच नावाचं पहिलं अक्षर.

बाबांचा मासा!

बाबांनी तो शेवटच्या हिवाळ्यात देवदारातून कोरला होता, थोरलीसाठी. धाकटीसाठी ठोकळा कापून ठेवला होता. तो तसाच राहिला, बाबाच गेले. व्हर्नाने आपला मासा काचेच्या बरणीत घालून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. नेल सारखी मागे लागायची. "ताई, एकदा पाण्यात टाकू दे गं. बाबांनी तो पोहायला केलाय, बरणीत बसायला नाही." व्हर्ना म्हणायची, "हात लावून तर बघ!"

आणि एक दिवस बरणी रिकामी. नोव्हेंबरातल्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला, नेलच्या घरी, टर्की कापता कापता सगळ्या नातेवाइकांदेखत व्हर्नाने विचारलं. नेल खाली मान घालून म्हणाली, "मी हातसुद्धा लावला नाही." "चोर तो चोर, वर शिरजोर!" म्हणून व्हर्ना ताटावरून उठली, ती परत त्या घराची पायरी चढली नाही. पुढे नेल दोन तासांवरच्या शहरात राहायला गेली. अधूनमधून तलावावर एकटीच होडीत दिसते, एकाच जागी तासन्‌तास बसते आणि रिकाम्या हाताने जाते, असं होयट सांगायचा. व्हर्ना म्हणायची, "बसू दे." दर नोव्हेंबरात मात्र नेलचा निरोप यायचा: ताई, गुरुवारी जेवायला ये. यंदाचाही कालच आला होता.

आता पुरावा हातात होता. व्हर्नाचं डोकं सणकलं. फोटो काढायचा, पाठवायचा आणि खाली लिहायचं, पुन्हा मला बोलावू नकोस. बस्स, संपलं.

तिने मासा ओढला. निघेना. त्याच्या गळाला आणखी एक पिवळा दोरा गुंतलेला होता. तो ओढला, तर गाळातून दुसरा खोटा मासा वर आला. मग तिसरा. ती उपसतच गेली. काहींचे गळ गंजून झडलेले, काहींचे अर्धे शिल्लक, आणि एक तर नवा कोरा, अजून चकाकणारा. सव्वीस निघाले. प्रत्येकाला पिवळा दोरा.

बाबांनी दोघींना एकच शिकवलं होतं: आधी पाणी बघ, मग खोट्या माशांचा डबा उघड. गढूळ पाण्याला गडद रंग, नितळ पाण्याला फिका, थंडीत सावकाश चालणारा. व्हर्नाने एकेक उचलून पाहिला. या पाण्याला एकही धड नव्हता. जडच्या जड, पोटात शिसं भरलेले, तीन-तीन काट्यांचे हे मोठाले गळ. बास त्यांच्या आसपासही फिरकला नसता. बाबांची मुलगी असून नेलला एवढंही कळू नये?

मग तिच्या हातातला मासा हातातच राहिला.

हे बास धरायला निवडलेलेच नव्हते. हे अडकलेला बाबांचा मासा ओढून काढायला निवडले होते. नऊ वर्षं.

"अगं वेडे," व्हर्ना मोठ्याने म्हणाली. "तोंड होतं ना तुला? सांगायचं होतंस!" आणि सांगितलं असतं तर आपण काय केलं असतं, तेही तिला ठाऊक होतं. तिला रडूच फुटलं.

चिखलाच्या हातानेच तिने फोन लावला. पहिल्याच घंटीला तो उचलला गेला. मागे गाडीचा आवाज येत होता.

"नेल, मी तलावात आहे. मोठ्या बुंध्यापाशी."

पलीकडून हळूच प्रश्न आला.

"सुटला का गं, ताई?"

व्हर्नाने बाहीला नाक पुसलं. "कुठला सुटतोय! पक्कड लागेल."

"घेतलीय," नेल म्हणाली. "पहाटेच निघालेय."