काळ्या छापाची चिठ्ठी

कापितोलिनाने काळ्या छापाच्या चिठ्ठीवर नवऱ्याचं नाव लिहिलं, निकांद्र, आणि चिठ्ठी टोपलीत टाकली.

चर्चच्या दाराशी मेणबत्त्या आणि चिठ्ठ्या द्यायला तीच बसायची. लाल छापाची चिठ्ठी जिवंतांच्या आरोग्यासाठी, काळी मेलेल्यांच्या शांतीसाठी. प्रार्थनेत दोन्हींवरची नावं वाचली जात. एकोणीस वर्षांपूर्वी निकांद्र मासे धरायला गेला आणि व्होल्गातून त्याची नुसती उलटी होडी परत आली. प्रेत काही सापडलं नाही, म्हणून ती दर रविवारी त्याचं नाव लाल चिठ्ठीवर लिहायची. जिवंत माणसाचं नाव काळीवर गेलं तर ते पाप कोणाच्या माथी? याच भीतीने तिने दुसरं लग्नही केलं नाही.

आज पितरांसाठीच्या प्रार्थनेचा शनिवार होता. फादर व्हेनियामिन सकाळी तिला म्हणाले, मेलेल्यासाठी आरोग्य मागत राहिलीस तर त्या बिचाऱ्याने जावं कुठे? तेव्हा तिने काळजावर दगड ठेवला.

"सुटलीस बाई," फरशी पुसता पुसता लुकेर्या म्हणाली. "तो येईल म्हणून दार उघडं ठेवायचीस, आता तरी रात्री कडी लाव. इतकी वर्षं चोरांनासुद्धा तुझी दया आली."

कापितोलिना हसली आणि रडलीही. मन खरोखर हलकं झालं होतं.

एवढ्यात धक्क्याला लागलेल्या बोटीतले प्रवासी आले. दोन तासांत पाच चर्चं उरकायची, म्हणजे देवालासुद्धा धाप लागायची. त्यांच्यातली अठराएक वर्षांची एक मुलगी मागे रेंगाळली. तिने दोन चिठ्ठ्या मागून घेतल्या, खिडकीपाशी उभं राहून लिहिल्या आणि काळी आधी पुढे केली. तिच्यावर नाव होतं कापितोलिना.

"अगंबाई, माझ्याच नावाची. कोण गं ही तुझी?"

"बाबांची पहिली बायको. याच नदीत बुडाली, मावशी. मी जन्मलेही नव्हते तेव्हा. बाबा इथं उतरतच नाहीत. आत्ताही केबिनचा पडदा ओढून बसलेत. हे गाव बघवत नाही म्हणतात."

कापितोलिनाला त्या न पाहिलेल्या माणसाची फार कणव आली. आपल्यासारखाच कोणी होरपळलेला. तिने खालच्या खणातून सगळ्यात जाड मेणबत्ती काढून मुलीच्या हातात ठेवली.

"ही माझ्याकडून लाव. आणि बाबांना सांग, इथं एक बाई आहे, तिला कळतं तुमचं दुःख."

मुलीने मान हलवली आणि लाल चिठ्ठी पुढे सरकवली.

"ही बाबांच्या तब्येतीसाठी."

कापितोलिनाने चष्मा सावरून वाचलं. चिठ्ठीवर एकच नाव होतं. निकांद्र.