मुका बहर

लेओकादिया काकू मधपेट्यांच्या जागी कांदे लावत होती. झेनॉन फाटकाशी येऊन थांबला.

"आत ये की. फाटक चावत नाही," ती मान वर न करताच म्हणाली.

तो आत आला आणि टोपी हातात धरून उभा राहिला. कुंपणापलीकडे त्याची सफरचंदाची बाग फुलली होती. असा बहर दहा वर्षांत आला नव्हता. पण बागेत गुणगुण नव्हती. गावात मधमाशा काय त्या काकूच्याच, अकरा पेट्या. गेल्या वर्षी याच दिवसांत त्या सगळ्या संपल्या.

"काकू, तुमच्या माशा मेल्या ना, तेव्हा..."

"मेल्या काय रे? गुरं मरतात. माशा वारतात. आईनं एवढंही शिकवलं नाही तुला?"

"वारल्या तेव्हा," त्याने सुधारलं. आणि तो टोपीची कड चाचपू लागला.

ईस्टरआधी त्याने चर्चमध्ये पापाची कबुली दिली होती. फादरांनी क्षमेचे शब्द उच्चारले, कबुली संपल्याची खूण म्हणून मधल्या लाकडी जाळीवर टकटक केली, आणि झेनॉन उठला. किती हलकं वाटलं होतं! फक्त तो उठताना फादर म्हणाले होते, "देवाचं देवापाशी मिटलं. आता काकूचं काकूपाशी मिटव." प्रायश्चित्ताची जपमाळ त्याने त्याच संध्याकाळी पुरी केली. काकूच्या फाटकापर्यंत यायला मात्र पाच आठवडे लागले. तेही बाग मुकी राहिली म्हणून. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचीच लाज जास्त होती.

"कशाला आलास ते कळलंय मला," काकू म्हणाली.

झेनॉन एक पाऊल मागे सरला.

"बाग फुललीय आणि माशी नाही. माफ कर बाबा. माझ्यामुळे तुझं नुकसान झालं."

"तुमच्यामुळे?"

"मग कोणामुळे? रोग माझ्याच पेट्यांत शिरला. त्या वसंतात माझी कंबर धरली होती, पेट्या नीट साफ केल्या नाहीत मी. आळस, दुसरं काय! फादरांना सांगितलं तर म्हणतात, हे पाप नव्हे. मी ऐकते होय? ईस्टरआधीच्या उपवासाचे चाळीस दिवस पाव आणि पाण्यावर काढले." ती हसली. "हे बघ, घागऱ्याला सुतळी बांधावी लागतेय."

झेनॉनने त्या सुतळीकडे पाहिलं. रोगट पेट्या जाळाव्याच लागतात, असं सगळे म्हणाले होते. काकूच्या नवऱ्याने स्वतःच्या हातांनी केलेल्या त्या पेट्या. रॉकेल झेनॉननेच आणून दिलं होतं.

म्हणजे ईस्टरपासून फादरांना दोन्ही कबुल्या ठाऊक होत्या, आणि एकीतलं दुसरीकडे सांगायची त्यांना मुभा नव्हती.

"रोग नव्हता, काकू. मी औषध फवारलं होतं. फुलांवर. भर दुपारी."

फवारणी करायची ती सूर्य बुडाल्यावर, माशा घरी परतल्यावर. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे कळत होतं.

काकूच्या हातातला कांदा हातातच राहिला.

"दुपारी का?"

"संध्याकाळी भाचीचं लग्न होतं. उशीर झाला असता."

"छान झालं का लग्न?"

तो म्हणाला, "आता मी उपास धरतो. पाव आणि पाणी. वर्षभर धरतो, काकू."

"धर. पोट सुटलंयच तसंही. पण त्यानं झाडाला सफरचंद लागत नाही."

ती उठली, हात झटकले आणि घरात गेली. दार लागलं. संपलं, असं समजून झेनॉनने टोपी डोक्यावर चढवली. तेवढ्यात दार पुन्हा उघडलं. काकूने डोक्याला रुमाल बांधला होता. एका हातात बशी होती, दुसऱ्यात हंसाची दोन लांब पिसं. पेटी उघडली की माशांना न दुखवता बाजूला सारायची ती पिसं.

"कुंपणाजवळच्या रानसफरचंदाचे पराग या बशीत झटकून घे. शिडी आण. फुलं चारच दिवस टिकतात."

"तुम्ही नका येऊ, काकू. मी करतो."

"तुझ्यासाठी कोण येतंय? फुलांनी काय केलंय?"

झेनॉन पहिल्याच झाडावर चढला. पीस परागात बुडवून त्याने एका फुलाला लावलं. मग शेजारच्याला. मग त्याच्या शेजारच्याला.

"त्याला नीट नाही लागलं," काकू खालून म्हणाली. "परत लाव."

त्याने परत लावलं आणि मान वर केली. एका फांदीला किती फुलं असतात, हे आजवर त्याने कधी पाहिलंच नव्हतं.