सहलीचा परवाना

“आई, श्रीलंकेत यायचा परवाना मोबाइलवरच मिळतो. तू सहलीला येतेयस, असं लिहिलंय,” कोलंबोहून मुलगा मकरंद फोनवर म्हणाला. “इथे काम करणार का, असं विचारलंय. ‘नाही’ टाकतो.”

“विचार करून लिही. सरकारला खोटं सांगायचं नाही,” शालनताई म्हणाल्या. पंचायत समितीतून निवृत्त झाल्या तरी त्यांची ती सवय गेली नव्हती.

कोलंबोत पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी मकरंदने ओट्यावर चणाडाळ, गूळ आणि वेलची मांडली. “ऑफिसातले दहाजण जेवायला येतायत. तुझ्या पुरणपोळीचं कौतुक करून ठेवलंय मी.”

शालनताई बुटांच्या नाड्या बांधत होत्या. गळ्यात पर्स आणि डोक्यावर नवी टोपी होती.

“डाळ शिजली की चाळणीत निथळायला ठेव. कट टाकू नकोस, आमटीला लागेल,” त्या म्हणाल्या. “मी समुद्रावर चाललेय.”

“अगं आई, पोळ्या?”

“मी काम करणार नाही, हे तूच लिहून दिलंयस.”

दारात त्या थांबल्या.

“आणि परत जाताना आपल्या घरासाठीही असाच एक परवाना काढून दे. तुझ्या बाबांना दाखवायला.”