ओळीपुढची खूण

# भोंगा = चालू

"ही # काढली की भोंगा वाजेल," धरणाच्या नियंत्रण कक्षात मृणाल म्हणाली. दुरुस्तीपुरती ती खूण सकाळी तिनेच टाकली होती. पुढे # असलेली ओळ मशीन वाचत नाही. चार वाजता धरणाचे दरवाजे आपोआप उघडणार होते. खाली नदीपात्रात कलिंगडं तोडणारी माणसं भोंग्याच्या भरवशावर होती.

तिने # पुसली, सेव्ह केलं. पडद्यावर उमटलं: परवानगी नाही. मुख्य पासवर्ड न टाकताच तिने फाइल उघडली होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. शेजारच्या टेबलावरच्या दाभाडे सरांनी कीबोर्ड ओढला.

"अडून बसलंय होय? उद्गारचिन्ह दिलं की मुकाट ऐकतं." त्यांनी q! दाबलं. फाइल बंद झाली. "घे, झालं तुझं काम!"

चार वाजायला दोन मिनिटं असताना तिने खात्रीसाठी फाइल उघडली. # तिथेच होती.

"सर, तुम्ही सेव्ह न करताच बाहेर पडलात!"

ती मुख्य पासवर्ड टाकू लागली. त्याची अक्षरं पडद्यावर दिसत नाहीत. बोटं चुकली. पुन्हा चुकली.

कॅमेऱ्यात पात्रातली बाई पाटी उचलत होती. दरवाजा हलला. मृणाल स्क्रीनकडे बघून ओरडली.

# बाई, पळा!